संपादक कोणता वापरता?

मराठीच्या प्राध्यापकाला 'संपादक' म्हटले की हस्तलिखितावर लाल शाई चालवणारी व्यक्ती आठवते. प्रोग्रामरला 'एडिटर' म्हटले की आठवते ते प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर, आणि त्यावरून तो तावातावाने भांडतो. आमच्या माहुलशेजारी, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. तेव्हा संगणकाचे जग आम्हां मराठीवाल्यांना भूगोलाने तरी परके नाही. त्या जगातले हे भांडण मात्र आपण पोरकट समजून सोडून दिले. आमच्या मते त्यात साहित्याच्या अभ्यासकांनी घेण्यासारखे बरेच आहे.

या वादातली दोन जुनी घराणी म्हणजे व्हीआय आणि ईमॅक्स; दोन्ही १९७६ च्या सुमाराची. व्हीआयमध्ये मजकूर टंकण्याची अवस्था वेगळी आणि त्यावर संस्कार करण्याची वेगळी. त्याचे पुरस्कर्ते म्हणतात, लिहिणाऱ्याचा बराच वेळ लिहिलेले दुरुस्त करण्यात जातो. हत्यार त्या कामासाठी घडलेले हवे. ईमॅक्सवाल्यांचा आग्रह असा, की वापरणाऱ्याला आपले हत्यार आपल्या हाताजोगे बदलून घेता आले पाहिजे. २०१५ साली आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडचे चाहते म्हणतात, हत्यार शिकण्यात वर्षे घालवण्यापेक्षा लगेच कामाला लागता यावे. ही तिन्ही मते खरे तर लेखनप्रक्रियेविषयीची आहेत. आपण निर्मितिप्रक्रियेवर परिसंवाद भरवतो, पण लेखनाच्या साधनाबद्दल क्वचितच बोलतो.

याहून महत्त्वाचे असे, की एडिटर कोणताही असो, प्रोग्रामची फाइल साध्या मजकुराची असते. एकाने व्हीआयमध्ये लिहिलेले दुसरा ईमॅक्समध्ये उघडतो. हत्यार बदलले तरी संहिता तीच राहते, म्हणून हा वाद निर्धास्तपणे चालू शकतो.

मराठीत नेमके उलटे घडले. डीटीपीच्या काळातील बहुतेक फॉन्टांत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेच जात नसे. दुसऱ्याच एखाद्या चिन्हाच्या जागी त्याचा आकार बसवलेला असे. फॉन्ट गेला की कविता गेली, उरली निरर्थक चिन्हे. आधी इस्की आणि १९९१ पासून युनिकोड या प्रमाणांनी त्यावर उपाय दिला. विंडोजवरचा 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी मराठीतले कवी आणि सुलेखनकार होते, हे आपण वर्गात किती वेळा सांगतो?

आज आपल्याकडेही मतभेदाला जागा आहे. इन्स्क्रिप्टचा पक्षपाती म्हणतो, स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. मराठी लिहिताना रोमनची कुबडी कशाला? गमभन किंवा बरहा वापरणारा म्हणतो, हाताला सवय आहे त्याच कळांवर लिहू द्या. दोघांनी खुशाल भांडावे. युनिकोडमध्ये लिहितात तोवर संहितेला धक्का लागत नाही.

जुन्या प्रबंधांचे, दिवाळी अंकांचे, लघुनियतकालिकांचे तसे नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी प्रबंध स्वीकारताना छापील प्रतीबरोबर युनिकोडमधील संहिताही मागावी. जुन्या फाइली रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. म्हणून निघालेली संहिता मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी. हे काम संगणक विभागाकडे ढकलण्याचे नाही. त्याला आपल्याकडे पाठचिकित्सा म्हणतात, आणि ती आपण शिकवतो.