दिवा विझवला, बिघाडाचं काय?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा पुतण्या कुटुंबासह कोल्हापूरला निघाला होता. गाडी डिझेलची, उंच, आलिशान, परदेशी बनावटीची. सेकंड हँड असली तरी कर्ज काढून घेतलेली. खंबाटकीचा घाट चढताना समोर पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जोरच गेला. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी बैलगाडीची चाल. मागे मालट्रकांची रांग, धो धो पाऊस, मागच्या सीटवर माझ्या वहिनी आणि दोन लहान मुलं. कसेबसे वर पोहोचले.

"काका, हा दिवा महिन्यापूर्वीही लागला होता," तो नंतर मला म्हणाला. "मेकॅनिकने कॉम्प्युटर लावून विझवून दिला."

'विझवून दिला' हे शब्द माझ्या मनातून जाईनात.

या दिव्यांची भाषा तशी अवघड नाही. तांबडा दिवा म्हणजे थांबा. तेलाच्या झारीचं तांबडं चित्र दिसलं, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करावं; तेलाचा दाब गेलेलं इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकतं. पिवळा दिवा म्हणजे चालवा, पण लवकर दाखवा. आपण मात्र पिवळ्याचा अर्थ 'चालतंय' असा घेतो.

डिझेल गाडीत पिवळा दिवा लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे धुराच्या नळीतली काजळीची गाळणी. भारत स्टेज सहाचे नियम एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि नव्या डिझेल मोटारींत ही गाळणी सर्रास आली; महागड्या परदेशी गाड्यांत ती आधीपासूनच होती. तिच्यात साठलेली काजळी सुमारे सहाशे अंशांच्या उष्णतेत जाळावी लागते. त्यासाठी गाडी बराच वेळ सलग, चांगल्या वेगाने पळायला हवी. आमचा पुतण्या रोज कोथरूडहून चार किलोमीटरवर ऑफिसला जातो. इंजिन पुरतं तापायच्या आत गाडी पार्किंगमध्ये! जाळण्याचं काम असं वारंवार अर्धवट राहिलं, तर काही इंजिनांत जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्येही उतरतं. गाळणी भरत गेली की इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करतं. घाटात झालं ते हेच.

एका मोठ्या वर्कशॉपने कॉम्प्युटर लावला. पी-२४६३ असा कोड निघाला. अर्थ, काजळी साठली. एस्टिमेट अडीच लाखांचं, गाळणी नवी. पुतण्या सोनंतारण कर्जाची चौकशी करायला माझ्याकडे आला. मी त्याला भोसरीच्या एका जुन्या फिटरकडे नेलं.

फिटरने आधी पानाला हात लावला नाही, प्रश्न विचारले. गाडी रोज किती चालते? बॅटरी कधी बदलली? (बॅटरी कमजोर झाली की एकदम चार-पाच दिवे खोटेच लागतात.) मग इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि गाळणीच्या दाबाचा आकडा पाहिला. इंजिन बंद म्हणजे धूर नाही. मग गाळणीच्या दोन बाजूंच्या दाबात फरक शून्यच हवा. इथे तो भलताच दिसत होता. "सेन्सर बिघडलाय, साहेब," तो म्हणाला. "काजळी थोडी आहे, पण हा तिप्पट सांगतोय." सेन्सर बदलला, जाळणी पूर्ण करून घेतली, ऑइल बदललं. सगळा खर्च एस्टिमेटच्या दहाव्या भागातही झाला नाही.

कोड खोटा नव्हता. पण कोड हा साक्षीदार. त्याची उलटतपासणी न करता निकाल दिला, की गिऱ्हाईक नागवलं जातं. म्हणून माझं म्हणणं असं: महागडा भाग बदलायचा असेल, तर कोणती तपासणी केली हे वर्कशॉपने लेखी द्यावं आणि आपण ते मागावं. शहरात चार किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेल गाडी विकताना विक्रेत्याने आधी त्याचा रोजचा प्रवास विचारावा. सेकंड हँड गाडी घेताना स्कॅनरवर स्वयंतपासण्या पूर्ण झाल्या आहेत का, ते पाहावं. नुकतेच कोड पुसले असतील, तर त्या अपूर्ण दिसतात.

हे सांगण्याचा मला काय अधिकार? सांगतो. अनुत्पादक कर्जांचे नियम १९९२-९३ मध्ये आले, त्यानंतर काही वर्षांनी मी एका शाखेत होतो. एका छोट्या कारखान्याची स्टॉक स्टेटमेंट्स उशिरा येऊ लागली. पिवळा दिवाच तो. मालक सज्जन, ओळखीचे. मी प्रत्येक वेळी 'तांत्रिक कारण' असा शेरा मारला आणि हप्ता भरण्यापुरती मर्यादा वाढवून खातं नियमित दाखवलं. कारखान्यात जाऊन गोदाम उघडून पाहिलं नाही. दीड वर्षाने कारखाना बंद पडला, चाळीस कामगार घरी बसले. वेळीच गेलो असतो तर वाचला असता असं म्हणत नाही. पण दिवा मी विझवला होता, एवढं खरं.

पुतण्याने आता दोन गोष्टी केल्या आहेत. ऑफिसला तो स्कूटरने जातो, आणि दर पंधरवड्याला रविवारी सकाळी वहिनींना घेऊन हायवेवर लांब चक्कर मारतो. वहिनी खूश आहेत. मागच्या आठवड्यात पुन्हा एक पिवळा दिवा लागला. त्याने लगेच फोन केला, "काका, हा काय म्हणतोय ते आधी बघू या."