आधी ओव्या, मग वाद्यवृंद

वयाबरोबर माणसाची स्मरणशक्ती कमी होते, हे आपण धरूनच चालतो. संगणकाचे उलटे आहे. त्याची स्मृती जन्मभर जेवढीच्या तेवढी राहते. जगाच्या मागण्या मात्र वाढतात आणि बिचारा जागच्या जागी म्हातारा ठरतो!

आमच्या घरचा संगणक असाच 4 जीबी स्मृतीवर गेली 10 वर्षे संसार रेटतो आहे. यंदा चिरंजीवांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायचे मनावर घेतले. आजी म्हणजे माझी आई, वय 84. बेत दांडगा होता. ओवीमागे तानपुरा, बासरी, व्हायोलिनांचा ताफा आणि मधूनमधून पियानो! जात्याला पियानो कशाला, हे विचारण्याची मुभा बापाला नव्हती. पण संगीताच्या नव्या सॉफ्टवेअरनेच अट घातली: स्मृती किमान 8 जीबी हवी.

"बाबा, नवा संगणक घेऊ. तोवर आजीचं राहू दे," चिरंजीव म्हणाले.

प्राध्यापकाच्या घरात नवा संगणक म्हणजे पुढच्या वर्षाची गोष्ट. आणि आईच्या काही ओव्या आताच मध्ये तुटू लागल्या आहेत.

वाचक म्हणतील, गाण्याला एवढी स्मृती हवी कशाला? 1986 साली आलेल्या अटारी 1040 एसटी या संगणकाची स्मृती अवघी 1 एमबी होती; त्यावर संगीतकारांनी गाणीच्या गाणी रचली. कारण तो संगणक आवाज साठवतच नसे. 1983 साली ठरलेल्या 'मिडी' या पद्धतीप्रमाणे कोणता स्वर, केव्हा आणि किती जोराने, एवढेच तो टिपून ठेवी. वाजवण्याचे काम बाहेरची वाद्ये करीत. पंडित भातखंड्यांची क्रमिक पुस्तके तरी काय करतात? चीज कागदावर असते. गळा आपला आपण आणायचा.

आजचे सॉफ्टवेअर स्वतःच वाद्यवृंद होऊ पाहते. पियानोच्या 88 पट्ट्या. प्रत्येक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळी वाजवून मुद्रित केलेली. बोट पडताच स्वर उमटायचा, तर या मुद्रणांचा निदान आरंभ तरी स्मृतीत हजर हवा. अशी दहा वाद्ये घेतली की स्मृती भरते. मग संगणक सामान डिस्कवर हलवू लागतो. डिस्क पडली संथ. पडद्यावरचे चित्र क्षणभर उशिरा आले तर चालते, पण स्वर खोळंबला की गाणे फाटते.

हा खल चालू असताना आई म्हणाली, "तुझ्या यंत्राला पेलत नसेल तर ते ठेव बाजूला. मला आठवतंय तोवर लिहून तरी घे."

तेव्हा मी कागद घेऊन हिशोब मांडला. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येकाला 2 बाइट. एका मायक्रोफोनचा एक मिनिट म्हणजे सुमारे 5.3 एमबी, आणि तोही स्मृतीत साचत नाही. थेट डिस्कवर जातो. आईचा तासभराचा आवाज साडेतीनशे एमबीच्या आत! आमच्या म्हाताऱ्या संगणकाला ओव्या जड नव्हत्याच. जड होता तो मागचा थाटमाट.

साध्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्याच आठवड्यात मुद्रण सुरू झाले. वाद्ये नंतर एकेक करून चढवता येतील. एकाचे काम झाले की त्याचे साधे मुद्रण करून ठेवायचे आणि ते वाद्य स्मृतीतून उतरवायचे. जाणकार याला 'फ्रीझ' करणे म्हणतात.

वाचकहो, दिवाळीत घरोघरी वडीलधारी मंडळी एकत्र येतील. फराळ झाला की घरातला जुना संगणक किंवा फोन त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांना गाऊ द्या, बोलू द्या. पुष्कळ जुन्या संगणकांत स्मृतीची पट्टी बाजारातून आणून वाढवता येते. आजीच्या बाबतीत तशी सोय नाही.