उसनी आठवण आणि आपली वाट

चाळिशीला टेकलेल्या पिढीला आता बालपण विकत मिळू लागले आहे. खिशात मावेल एवढे यंत्र, त्याला छोटा पडदा, चार-सहा बटणे आणि पोटात हजारो जुने व्हिडिओ गेम. चीनमध्ये तयार होणारी अशी यंत्रे घरपोच येतात. आठवणींचा बाजार मांडला गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, या आठवणी नेमक्या कोणाच्या?

जुन्नर-आंबेगावच्या मुलांपुरते बोलायचे तर १९९० च्या दशकातला त्यांचा व्हिडिओ गेम म्हणजे ब्रिक गेम. दोन पेन्सिल सेल, दहा बाय वीस चौकोनांचा करडा पडदा, वरून पडणाऱ्या विटा आणि डब्यावर '९९९९ गेम' अशी थाप. मूळ खेळ टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो रचला. ज्यांच्या घरी टीव्ही आणि थोडा हात सैल, त्यांच्याकडे निन्टेंडोच्या यंत्राची स्वस्त नक्कल आणि तिच्या 'कॅसेट' असत. त्यांतही उड्या मारणे, गोळ्या झाडणे हाच कारभार. वीज गेली की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून.

परंतु आज ज्या खेळांसाठी उसासे टाकले जातात, ते हे नव्हेत. ते आहेत ड्रॅगन क्वेस्ट (१९८६), फायनल फँटसी (१९८७), गेम बॉयवरचा पोकेमॉन (१९९६). या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण कथाखेळ म्हणू. यात खेळणारा नायक होतो, गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, हळूहळू बळ मिळवतो. एक खेळ आठवडेच्या आठवडे चालतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : कालचा मुक्काम जतन करण्याची सोय आणि वाचता येणारी भाषा. आपल्याकडच्या नकली कॅसेटमध्ये पहिली सहसा नसे आणि दुसरी तर नव्हतीच. पोकेमॉनही इथल्या बहुतेक घरांत पोचला तो टीव्हीवरचे कार्टून म्हणून. म्हणजे ही हुरहूर उसनी आहे.

उसनी म्हणून ती खोटी ठरत नाही. बोटांच्या चपळाईपलीकडचे काहीतरी, स्वतः चालून पाहायची एक गोष्ट, आपल्याला मिळाली नाही, याचीच ती चुटपुट आहे. जपानी मुलाला ती मिळाली आणि त्याच्या भाषेत मिळाली. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टची संपूर्ण जागा ६४ किलोबाइट. आज मोबाइलवरचा एक फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. जागा पुरेना म्हणून कर्त्यांनी काताकाना लिपीतली मोजकीच अक्षरे घेतली आणि राक्षसांची नावे त्यांतच बसवली. मुक्काम जतन करायला वीस अक्षरांचा मंत्र मिळे. मुले तो वहीत उतरवून घेत. साधने तोकडी होती, पण भाषा परकी नव्हती.

मग आपल्याकडे गोष्टींचा दुष्काळ आहे काय? जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट घ्या. सातवाहनांचा शिलालेख तिथे आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे आणि खडकात कोरलेले पटखेळांचे पटही आहेत. वाटसरूंनी तिथे बसून डाव मांडले असतील! शेजारच्या आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. पाण्याखालच्या त्या गल्ल्यांतून पुन्हा एकदा चालता यावे, याहून खरी ओढ कोणत्या खेळात असेल? आणि नारायणगाव तर तमाशाची पंढरी. वगातले संवाद रचण्याची परंपरा असलेल्या मातीला पात्रांच्या तोंडी चार वाक्ये घालणे जड जाऊ नये.

'मराठी खेळ घेणार कोण?' हा प्रश्न येणारच. मोठ्या कंपनीला तो पडावा, हे रास्तच. परंतु कथाखेळाला चित्रपटाएवढा खर्च लागतोच असे नाही. गेम बनवण्याची फुकट साधने आज उपलब्ध आहेत, देवनागरी प्रत्येक मोबाइलवर आहे. संगणक शिकणारी दोन-चार मुले, एक लिहिणारा आणि गावाची माहिती असलेले एखादे वडीलधारे एवढ्यावर दोन तासांचा खेळ उभा राहू शकतो. त्यातून श्रीमंती येणार नाही. पण धरणात गाव गेलेल्यांच्या नातवंडांना आजोबांचा उंबरठा शोधता येईल. आजोबा हयात आहेत तोवरच हे करायला हवे. नंतर विचारायचे कोणाला?

जुनी यंत्रे जरूर घ्यावीत, खेळावीत. मात्र दुसऱ्यांच्या बालपणावर आपण किती काळ हळवे होणार? पुढच्या पिढीला आठवायला काही हवे असेल, तर ते आज कोणीतरी मराठीत रचायला हवे.