जुनी इंजिने, नवे पेट्रोल आणि निदानाचा प्रश्न

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० साठी ठरले होते. ते अलीकडे ओढण्यात आले आणि २०२५ मध्ये देशभरातील पंपांवर ई-२० हेच सर्वसाधारण पेट्रोल झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या वाहनांच्या मालकांचा असंतोष उफाळून आला. गाडी मिसिंग करते, सिग्नलला उभी राहिली की बंद पडते, मायलेज घटले, अशा तक्रारींचा पाऊस पडला. पेट्रोलियम मंत्रालयाने त्या निराधार ठरवल्या. मात्र काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही त्याच खुलाशात मान्य केले. दोन्ही पक्षांनी आपापली बाजू ठामपणे मांडली. बंद पडलेल्या इंजिनाची तपासणी मात्र या गदारोळात मागेच राहिली.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ भाग पुरते. त्यामुळे ई-२० साठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरते. इंधन पुरवणारी यंत्रणा जुन्याच मापाने पेट्रोल सोडत राहिली, तर इंजिनात हवा जास्त आणि इंधन कमी अशी अवस्था निर्माण होते. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या ही तूट ओळखून इंधन वाढवतात. कार्बोरेटरला ती सोय नाही; त्याच्या जेटचे छिद्र कारखान्यात ठरले तेवढेच राहते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू होण्यापूर्वी विकल्या गेलेल्या बहुसंख्य दुचाकी कार्बोरेटरच्याच होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाची व्याप्ती कळते.

तरीही चांगल्या स्थितीतील इंजिन एवढा फरक बहुधा पचवते. अडचण येते ती ज्या इंजिनात आधीच काही दुखणे दबलेले आहे तिथे. इनटेकची रबरी नळी तडकून इंजिन ‘एअर घेत’ असेल, तर मिश्रण आधीच विरळ असते. नवे पेट्रोल त्याला शेवटचा धक्का देते. शिवाय इथेनॉल हा उत्तम द्रावक आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ तो सोडवतो आणि तोच गाळ फिल्टरमध्ये किंवा जेटमध्ये जाऊन अडकतो. मालकाला दिसते ते एवढेच, की पेट्रोल बदलले आणि गाडी बिघडली. त्याचा निष्कर्ष अगदीच चुकीचा नाही. तो अपुरा आहे.

गाडी केव्हा बंद पडते, यावरून दोषाची जागा बरीचशी कळते. आयडलिंगला थरथरणारे इंजिन वेग वाढवताच सुरळीत चालत असेल, तर संशय हवेच्या गळतीवर किंवा आयडल जेटवर घ्यावा. सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी घाटात दम टाकत असेल, तर इंधनपुरवठा अपुरा आहे. फिल्टर आणि पंप आधी पाहावेत. तापल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर पुन्हा सुरू होणारी गाडी बहुतेकदा इग्निशन कॉइलची तक्रार सांगत असते, आणि तिथे इथेनॉलचा काही संबंध नसतो. स्पार्क प्लगचे टोक पांढरट असेल तर मिश्रण विरळ, काजळी धरलेले असेल तर इंधन जास्त. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या दुचाकीचे प्रकरण निराळे. इथेनॉल पाणी शोषते. ते मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाला पहिला घोट तोच मिळतो. अशा वेळी टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नसते.

धोरणाच्या पातळीवर मात्र सरकारची बाजू लंगडी आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे म्हटले होते. जुन्या वाहनांसाठी ई-१० उपलब्ध ठेवण्याचा विचारही त्यात होता. ई-२० ला टिकणारे सुटे भाग नव्या वाहनांत आले ते एप्रिल २०२३ पासून. म्हणजे त्याआधीच्या ग्राहकाला निवड मिळायला हवी होती. ती मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ऊसउत्पादकांची देणी आणि तेलाच्या आयातीवरील खर्च, ही या धोरणामागील कारणे महाराष्ट्राला परकी नाहीत. पण त्यांचा भार जुन्या स्कूटरच्या मालकाने गॅरेजमध्ये फेडावा, हे न्याय्य म्हणता येत नाही.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी त्या मालकाने डिकीतील पीयूसीचा कागद काढून पाहायला हरकत नाही. कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन मात्र वाढलेले असतील, तर मिश्रण विरळ आहे किंवा ठिणगी चुकते आहे. दोन्ही आकडे वाढलेले असतील, तर चोक अडकला आहे का, एअर फिल्टर तुंबला आहे का, हे पाहावे. तिथे दोष पेट्रोलचा नव्हे.