फोटोखाली दोन ओळी लिहा

घरोघरी फोटोंचे अल्बम असतात. पण फोटोखाली नाव व साल क्वचितच लिहिलेले आढळते. आमच्या हरसूल भागातील बोहाड्याचाच फोटो घ्या. मुखवट्याआड कोण नाचत होते, हे फोटो सांगत नाही. ते घरातील वृद्धांनाच ठाऊक असते. त्यांना आठवते आहे तोवर ते लिहून घ्यावे.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. स्मृतिभ्रंशात बहुधा ताज्या घटना आधी पुसल्या जातात, जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. वृद्धांचे आठवणींत रमणे स्वाभाविक आहे, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले होते. लिहिलेल्या अल्बममुळे आजार बरा होत नाही. पण बोलायला विषय मिळतो, माणूस एकटा पडत नाही.

मात्र "ओळखा पाहू, हा कोण?" अशी परीक्षा घेऊ नये. "हा तुमचा धाकटा भाऊ" असे आपणच सांगावे आणि पुढचे ऐकावे. आजोबा बोलतील तसे, त्यांच्याच बोलीत, नातवंडांनी लिहावे. अक्षर कसेही चालेल.

विसरभोळेपणा वाढत असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, तर "वय झाले" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.