शेतांतील लहान संगणक व त्याचें नूतनीकरण

काष्टीच्या शनिवारच्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी दांत पाहिल्यावांचून व चालवून पाहिल्यावांचून इसार देत नाहीं. तोच शेतकरी ठिबकाचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी संगणकाची पेटी मोटारीच्या खोलींत बसवून घेतो, तेव्हां तिची मेमरी किती, तिच्यावरील ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या सालची व पासवर्ड कोणापाशीं, यांपैकीं एकही प्रश्न विचारीत नाहीं. भीमेपलीकडे बारामतीस उसाच्या शेतींत संगणकाचे मोठे प्रयोग चालले आहेत व आपल्या श्रीगोंदें तालुक्यांतही हीं साधनें वाढणार. म्हणून ह्या प्रश्नांकडे आमच्या बागाईतदार बंधूंचें लक्ष वेधणें अवश्य वाटतें.

अशा पेटींत पुष्कळदां रास्पबेरी पाय नांवाचा, एकाच फळीवर सर्व भाग बसविलेला संगणक असतो. इंग्लंडांतील एका संस्थेनें तो २०१२ सालीं विक्रीस आणिला, तो मुलांस संगणकविद्या शिकवावी म्हणून. शेतांत तो मागाहून शिरला. २०१५ सालीं निघालेल्या झिरो ह्या प्रकाराची किंमत पांच डॉलर व मेमरी ५१२ मेगाबाइट होती. २०२१ सालच्या झिरो २ मध्येंही मेमरी तेवढीच राहिली. ओलावा टिपणें व ठरल्या वेळीं पाणी सोडणें, एवढ्या कामास ती पुरून उरते. अडचण येते ती ऑपरेटिंग सिस्टिम बदलतांना. ही प्रणाली डेबियन नांवाच्या मोफत प्रणालीवर उभारलेली आहे, आणि डेबियनची नवी आवृत्ति सुमारें दोन वर्षांनीं निघते: २०२१ सालीं बुल्सआय, २०२३ सालीं बुकवर्म, २०२५ सालीं ट्रिक्सी.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, चालतें आहे तें चालूं द्यावें. पेटी इंटरनेटला जोडलेली नसेल तर हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु मोबाइलवरून मोटार चालू करण्याच्या सोयीसाठीं तिच्यांत सिमकार्ड घातलें कीं, ती साऱ्या जगाच्या वाटेवर येऊन बसते. २०१६ सालीं मिराय नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें कारखान्यांतून आलेले पासवर्ड न बदललेले लक्षावधि कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले व त्यांच्या जोरावर अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें बंद पाडलीं. रास्पबेरी पायवरही सर्वांस ठाऊक असलेलें एकच नांव व एकच पासवर्ड २०२२ च्या एप्रिलपर्यंत आयता मिळत असे. त्यापूर्वींच्या पेट्या जुन्याच पासवर्डावर चालूं देणें म्हणजे विहिरीची खोली उघडी टाकून गांवाला जाणें होय.

दुसरा पक्ष पेटी बसविणाऱ्या तरुणांचा. ते म्हणतात, एक आज्ञा द्यावी म्हणजे सर्व आपोआप नवें होतें. मोठ्या संगणकावर तें बहुधा होतेंही. येथें मात्र शेंकडों पॅकेजें उतरवून घेणें, उलगडणें व बसवणें हें काम मंद कार्डावर कित्येक तास चालतें. त्याच वेळीं व्हॉल्व्हचा प्रोग्रॅमही चालू असला तर मेमरी अपुरी पडते, आणि प्रणाली स्वतःच एखादें चालतें काम मारून टाकते. तें काम नूतनीकरणाचेंच निघालें, किंवा मध्येंच वीज गेली, तर अर्धें जुनें व अर्धें नवें अशी अवस्था होऊन पेटी सुरूच होत नाहीं. मग रात्रपाळीची वीज येते, मोटार चालते आणि व्हॉल्व्ह मिटलेलेच राहतात. वैशाखांत लिंबाच्या बागेस दोनचार पाळ्या चुकल्या तर काय होतें, हें आम्हीं सांगावयास नको!

आमचें स्पष्ट मत असें कीं, चालत्या कार्डावर एका आवृत्तींतून दुसरींत उडी घेऊंच नये. रास्पबेरी पाय काढणारी संस्थाही नव्या कार्डावर नवी प्रणाली घालण्याचाच सल्ला देते. कार्डास कांहीं शें रुपये पडतात. घरच्या संगणकावर नव्या कार्डांत डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ति भरावी, व्हॉल्व्हचा प्रोग्रॅम व वेळापत्रक त्यावर उतरवावें, आणि मग खोलींत जाऊन केवळ कार्ड बदलावें. बिघडलें तर जुनें कार्ड परत घातलें कीं दहा मिनिटांत पाणी सुरू. पहिल्या पिढीचा पाय व मूळचा झिरो यांस ६४ बिटांची प्रणाली चालत नाहीं. त्यांच्यासाठीं रास्पबेरी पायची ३२ बिटांचीच घ्यावी.

जागच्या जागींच नूतनीकरण करणें ज्यास भागच असेल, त्यानें आधीं कार्डाची पूर्ण नक्कल काढावी, इतर प्रोग्रॅम थांबवावे, कार्डावर स्वॅपची जागा वाढवावी व इन्व्हर्टर जोडावा. आवृत्ति एकामागून एक घ्यावी, मधली गाळूं नये. जुन्या फळ्यांवर घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आल्यावर तारीख मागें राहिली तर प्रणाली नवीं पॅकेजें खोटीं समजून नाकारते, म्हणून तारीख प्रथम पाहावी. मध्येंच इंग्रजींत प्रश्न येतो कीं, तुमची बदललेली फाइल ठेवावी कीं नवी घ्यावी? तेथें आपलीच ठेवावी. नाहीं तर वेळापत्रक पुसलें जाण्याचा संभव असतो.

वेळ कोणती, हें तर शेतकऱ्यास शिकवावयास नको. नांगर चालू असतां कोणी बैलास नाल मारीत नाहीं. आपल्या अवर्षणाच्या पट्ट्यांत भरंवशाचा पाऊस भाद्रपदांतला. पाण्याची निकड नसते ते हे दिवस. घोड किंवा कुकडीच्या कालव्याचें आवर्तन चालू असतां पेटीस हात लावूं नये.

राहतां राहिला पासवर्ड. पेटी विकणारा तो आपल्यापाशीं ठेवितो व प्रत्येक खेपेस फेरीचे पैसे मागतो, हा प्रकार बंद झाला पाहिजे. पैसे चुकते करण्यापूर्वीं पासवर्ड व कार्डाची नक्कल लेखी पावतीनें मागून घ्यावी. जो देणार नाहीं, त्याची पेटी घेऊं नये. आमच्यासारख्या संघांनींही एक कार्डवाचक, चारसहा कोरीं कार्डें व हें काम जाणणारा एक तरुण सभासद एवढी सोय ठेविली, तर ती साऱ्या गांवास पुरेल. व्हॉल्व्हला हातानें फिरवावयाची कळ मात्र प्रत्येकानें कायम ठेवावी, आणि जुन्या कार्डावर तारीख लिहून तें पुढल्या भाद्रपदापर्यंत पेटींतच ठेवावें.