दहा दिवसांचं पुण्य

मागच्या सोमवारी ऑफिसात पोचलो तर डेस्कवर एक पाकीट. शेजारच्या क्यूबमधल्या सहकाऱ्याने ठेवलेलं. आत त्याचा हसरा फोटो आणि एक पानी पत्र. त्यांच्या चर्चचा पंधरा जणांचा ग्रुप उन्हाळ्यात दहा दिवस होंडुरासला चाललाय. एका गरीब कुटुंबासाठी घर बांधणार, मुलांना बायबलच्या गोष्टी सांगणार. प्रत्येकी खर्च दोन हजार डॉलर, जमेल तेवढा हातभार लाव. अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींना असं पत्र कधी ना कधी येतंच.

माणूस एकदम सज्जन. मी नवीन आलो तेव्हा गाडी नव्हती, तर याच पठ्ठ्याने मला महिनाभर ग्रोसरीला नेलं होतं. त्यामुळे पन्नास डॉलरचा चेक फाडायला माझी काहीच हरकत नव्हती. पण चेकबुक उघडलं आणि डोक्यात गुणाकार सुरू झाला. (इंजिनियर लोकांचा रोग, दुसरं काय!) पंधरा गुणिले दोन हजार, म्हणजे तीस हजार डॉलर. एका घरासाठी?

थोडी शोधाशोध केली तर हेच गणित आधीच कुणीतरी मांडून ठेवलेलं. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त झाला. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गटच्या गट तिथे घरं बांधायला गेले. कर्ट व्हेर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. हा माणूस स्वतः ख्रिश्चन, एका ख्रिश्चन कॉलेजचा प्राध्यापक आणि होंडुरासमध्येच राहणारा. विमानभाडं वगैरे धरून पाहुण्यांनी बांधलेलं घर सरासरी तीस हजार डॉलरला पडत होतं. तसंच घर तिथली संस्था दोन हजारात बांधत होती. पाहुण्यांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात काही वेगळा फरक पडला म्हणावं, तर तोही नाही. आणि परत आल्यावर आपण जास्त दान करतो असं बऱ्याच जणांनी सांगितलं, पण संस्थेच्या वह्यांमध्ये तेवढी वाढ काही दिसली नाही.

इथे काही जण लगेच म्हणतील, ‘अरे, हे सगळं धर्मांतरासाठी असतं.’ होंडुरासमध्ये बहुतेक लोक आधीच ख्रिश्चन आहेत हो! माझी तक्रार धर्माबद्दल नाहीच.

माझी आजी सांगलीकडची. तिच्या तोंडी ‘मिरजेचं मिशन’ हे शब्द कायम असायचे. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल उभं राहिलं. येशूचं नाव सांगायचं हा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. पण ते जवळजवळ चाळीस वर्षं राहिले आणि इथल्याच मुलांना डॉक्टरी शिकवली. त्यांच्या मागे ते हॉस्पिटल चालवायला माणसं होती. दहा दिवसांत फार तर भिंत उभी राहते, आणि ती भिंत तिथल्या गवंड्याने आपल्यापेक्षा सरळ बांधली असती, शिवाय त्याची मजुरीही झाली असती.

हे सगळं मी लंचला त्याला बोलून दाखवलं. जरा घाबरतच. तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, “बरोबर आहे. पण मी जात नसतो आणि नुसतं म्हटलं असतं, होंडुरासला पैसे पाठव, तर तू पाठवले असतेस?”

गप्प बसलो. नसतेच पाठवले. होंडुरास नकाशात नेमका कुठे आहे हेही मला त्या पत्रानंतर कळलं. तीस हजारातले अठ्ठावीस हजार वाया जातात हे खरं, पण त्या सहलीशिवाय ते दोन हजारही निघाले नसते, हा त्याचा मुद्दा मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही.

पण एक गोष्ट पटत नाही, ती म्हणजे सहलीला सेवा म्हणणं. इव्हान इलिच हे स्वतः कॅथलिक पाद्री. १९६८ साली मेक्सिकोत त्यांनी सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की इथे या, बघा, शिका, पण मदत करायला म्हणून येऊ नका. मला हे प्रामाणिक वाटतं. जायचं तर स्वतःच्या पैशाने जा, जग बघा, नम्र होऊन परत या. आणि वर्गणी गोळा कराल ती तिथल्या संस्थेला द्या.

त्याला मी तेच सांगितलं. माझे पन्नास डॉलर तिकिटाला नकोत, तुम्ही गेल्यावर तिथे जे काम करत राहणार त्यांना दे. तो हसून ‘चालेल’ म्हणाला. मग सहज विचारलं, “तू केलंयस असं काही?”

मी मोठ्या उत्साहात पुण्याजवळच्या एका शाळेची गोष्ट सांगितली. कंपनीच्या सीएसआर डेला आम्ही चाळीस जण एसी बसने गेलो होतो, एकसारखे टी-शर्ट घालून. भिंती रंगवल्या, मुलांबरोबर फोटो काढले. त्या दिवशी आमच्यासाठी शाळेचे वर्ग बंद ठेवले होते, हे सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं.

“मग परत कधी गेलास?” त्याने विचारलं.

असो. त्या शाळेचं नावही मला आता आठवत नाही. फोटो मात्र आहेत.